घाण्याच्या उंटिणीचा शनिवार

मी घाण्याची उंटीण बोलतेय. खाली बसून ऐका. उभ्याउभ्या ऐकायची सवय फौजेतल्या लोकांना असते, आणि त्यांचं-माझं कधी जमलं नाही.

माझ्या तोंडाकडे पाहून लोक म्हणतात, हिला साऱ्या जगाची किळस आलेली दिसते. खोटं नाही ते. खालचा ओठ लोंबलेला, डोळे अर्धे मिटलेले, मान वर. आधी मला वाटायचं, देवानं घाईघाईत बनवलं असेल. पुढं माणसं पाहिली आणि कळलं, पुढचं सगळं ठाऊक असल्यासारखंच बनवलंय.

जन्म माझा दक्षिणेचा, खाऱ्या मैदानांच्या कडेचा. आई मीठ वाहायची, मी तिच्या मागं धावायचे. पाठ भरली तशी मला मिठाच्या एका व्यापाऱ्यानं घेतलं. व्यापारी वाईट नव्हता. पण त्याचा मुलगा लझहर माझ्या वाट्याला आला. दिसायला देखणा, बोलायला गुळासारखा. चार माणसं बघत असली की माझी मान थोपटायचा, "माझी राणी" म्हणायचा. वाट एकाकी झाली की त्याच मानेवर, जिथं कातडं मऊ असतं नेमकं तिथं, काठी. मारकुटी माणसं मी पुष्कळ पाहिली. चारचौघांत मारणाऱ्याचा मला इतका राग येत नाही.

पुढं मालमोटारी आल्या, मिठाचे तांडे बंद पडले. लझहरनं मला आपल्याच गावच्या, बीर तय्येबच्या, घाण्याला विकलं. विकताना डोळे पुसत म्हणाला, "पोटच्या पोरीसारखी वाढवलीय हो!" त्याला पोर नव्हती, हे त्या पोरीचं नशीब.

घाण्याचा मालक तिजानी. गोल, गोरा, घाबरट. वाऱ्याला भ्यायचा, करवसुलीवाल्याला भ्यायचा, आणि सगळ्यात जास्त आपल्या आईला भ्यायचा. आई म्हणजे मन्नूबिया. खजुराच्या बीसारखी सुकलेली आणि तितकीच टणक. गाव तिला मावशी म्हणायचं आणि तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं.

घाणा अर्धा जमिनीत खणलेला, थंडीनं तेल थिजू नये म्हणून. जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, फळं दगडी थाळ्यात ओतायची, वर उभा दगड, दगडाला दांडी, दांडीला मी. डोळ्यांवर गवताची झापडं, नाहीतर गोल फिरून चक्कर येते म्हणे. चक्कर कुणाला येते? झापडं बांधतात ती जनावराला कळू नये म्हणून, की दिवसभर चालून आपण आहोत तिथंच आहोत. माणसांना ती बांधावीही लागत नाहीत. झापडांमुळं माझे कान मात्र तिखट झाले.

घाणा चालू असताना जो पायऱ्या उतरून आत येईल, त्याला सातूची भाकर ताज्या तेलात बुडवून द्यायची, ही आमच्याकडची रीत. मित्र असो, चोर असो. लझहरही यायचा आणि दोन-दोन भाकरी हाणायचा.

दर हंगामात स्फाक्स शहरातून हुआतू यायचा. यहुदी, धंदा कल्हई-डाक देण्याचा. तेलाचे पत्र्याचे डबे तो आमच्याकडे बसून जोडायचा. माणूस कारागीर चांगला, पण तोंड! ते बंद कसं करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. डबा सांधता सांधता तो स्वतःच्या लग्नापासून शेजाऱ्याच्या मूळव्याधीपर्यंत सगळं सांगून टाकायचा. मन्नूबिया म्हणायची, "हुआतू, त्या डब्याबरोबर तुझं तोंडही डाक देऊन बंद कर." तो म्हणायचा, "मावशी, मग तुम्हाला बातम्या कोण देणार?"

मग ते वर्ष आलं. फ्रेंचांनी आमचा ट्युनिशिया देश आधीच गिळला होता, गावची पोरं आपल्या फौजेत ओढून नेली होती. मन्नूबियाचा धाकटा, उस्मान, त्यांच्यात गेला आणि जर्मनांच्या कैदेत पडला. जिवंत आहे की नाही, कळायला मार्ग नाही. आणि आता जर्मन स्वतःच इथं उतरले, इंग्रजांशी लढायला. दोन परके भांडतात ते तिसऱ्याच्या अंगणात, आणि अंगणवाल्यानं त्यांना अंडी पुरवायची. यालाच माणसं मोठ्या अभिमानानं इतिहास म्हणतात.

तेल घेऊन आम्ही शहरात गेलो होतो. भर दुपारी यहुद्यांच्या गल्लीत बायकांचा आक्रोश. जर्मन शिपाई यहुदी पुरुषांना धरधरून नेत होते, विमानतळावरचे खड्डे बुजवायला. वरून इंग्रजांचे बॉम्ब पडायचे आणि खड्डा बुजवणारा त्याच खड्ड्यात जायचा. हुआतू आपल्या बायकोला, मसऊदाला, घेऊन एका भिंतीआड उभा. तिजानीला पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

तिजानीनं इकडं-तिकडं पाहिलं. अंगावरचा लोकरी झगा उतरवला, हुआतूच्या अंगावर टाकला. मसऊदाला पांढऱ्या चादरीत गुंडाळून माझ्या पाठीवर रिकाम्या डब्यांमध्ये बसवलं. सगळी वाट त्याचा हात माझ्या दोरीवर थरथरत होता, इतका की मलाच गुदगुल्या होत होत्या. शिपायांच्या चौकीपाशी तर मला वाटलं, हा आता पडतो. पण थरथरत का होईना, चालत राहिला. भित्र्या माणसांबद्दलचं माझं मत तेव्हापासून थोडं बदललं. फार नाही, थोडं.

मन्नूबिया अंगणात ठाण मांडून उभी. "हा कोण?"

"आई, हुआतू... त्या लोकांनी..."

"हुआतू कुठाय? हुआतू शहरात असतो. हा माझ्या चुलतबहिणीचा मुलगा. दक्षिणेतून आलाय, बायकोला घेऊन. उंटीण हाकेल. जन्माचा मुका आहे बिचारा."

"मावशी, पण मी..." हुआतू म्हणाला.

"मुका म्हटलं ना, मेल्या!"

खरंच होतं तिचं. शहरातल्या यहुद्यांच्या बोलण्याला एक वेगळी लकब असते. हुआतूनं तोंड उघडलं असतं तर शेंबडं पोरही ओळखतं. म्हणून गावातल्या सगळ्यात बडबड्या माणसाला आम्ही मुका करून टाकला. गावातही त्याला ओळखणारे फार नव्हते, कारण येऊन तो कायम डब्यांच्या ढिगात बसलेला असायचा. आता दाढी वाढवली, डोक्याला फडकं गुंडाळलं. दिवसभर गप्प. दार लागलं की दिवसभराचं साचलेलं सगळं माझ्या कानात. मला त्याच्या आजीच्या भरल्या वांग्यांची कृतीसुद्धा पाठ आहे, आणि मी वांगं खात नाही.

पण काठी त्यानं एकदाही उचलली नाही. जीभ टाळूला लावून टॉक् करायचा, की मी चालायचे.

आता शनिवारचं सांगते. शुक्रवारी दिवस मावळायला आला, तसं हुआतूनं माझी झापडं काढली, जू उतरवलं, खरारा केला. सकाळी तिजानी खाली आला तर हा पोत्यांवर हात बांधून बसलेला.

"ऊठ, दगड फिरव. शेजारच्यांची फळं पडलीत."

"आज नाही, सी तिजानी. आज शनिवार." "सी" म्हणजे आमच्याकडचं "राव".

"हुआतू, तुझ्या जिवापायी मी माझा जीव सुळावर ठेवलाय, आणि तू सुट्टी मागतोस?"

"माझी एकट्याची नाही मागत. हिचीही मागतोय. आमच्यात सांगितलंय, त्या दिवशी जनावरालाही विसावा."

"माझी उंटीण तुमच्या धर्मात कधी गेली?"

"मी हाकतोय तोवर आहे."

वरून मसऊदा दबक्या आवाजात ओरडत होती, "अहो, जीव वाचवायला सगळं चालतं! माझे आजोबा स्वतः सांगायचे!" हुआतू म्हणाला, "आज जीव कुठं जातोय? आज फक्त शेजाऱ्यांची जैतुनं पडलीत."

याला लोक श्रद्धा म्हणतात. मी गाढवपणा म्हणते. माझ्याच फायद्याचा होता, तरीही गाढवपणाच. पण मन्नूबियानं पायरीवरून खाली पाहिलं आणि लेकाला म्हणाली, "राहू दे रे. आपल्या सात पिढ्यांत जनावराच्या पाठीचा कुणी विचार केला नव्हता." मग हुआतूकडे वळून, "पण तू मूर्ख आहेस, हे विसरू नकोस."

तर असे माझे शनिवार सुरू झाले. अंगणात उन्हात उभी राहायचे, डोळे उघडे. घाण्यावर आल्यापासून मी गाव धड पाहिलंच नव्हतं. पाहिलं, आणि पाहण्यासारखं फार काही नाही हेही कळलं.

अशाच एका शनिवारी लझहरची बायको हल्लूमा चाळणी मागायला आली. बारीकशी, खालमानेनं चालणारी बाई. मसऊदा ओट्यावर बसून अंडं आणि जैतून खात होती. मन्नूबियानं रीतीप्रमाणं मटणाची थाळी दोघींसमोर ठेवली. मसऊदानं थाळी हळूच हल्लूमाकडे सरकवली; यहुद्यांना त्यांच्या रीतीनं कापलेलंच मटण चालतं. "तुम्ही घ्या. मला नको."

तेवढे तीन-चार शब्द. हल्लूमाचा घास हातातच राहिला. तिनं मसऊदाकडे पाहिलं, अंड्याकडे पाहिलं, मटणाकडे पाहिलं.

"दक्षिणेच्या ना तुम्ही?" हल्लूमानं विचारलं.

मन्नूबिया म्हणाली, "दक्षिणेचीच."

"हो, तिकडच्या बायका मटण कमीच खातात," असं म्हणून हल्लूमानं चाळणी घेतली आणि गेली. दक्षिणेत मी जन्मलेय. तिथल्या बायका मटण दिसलं तर हाडही सोडत नाहीत.

लझहरचं ऐका आता. जर्मनांनी त्याला गुडघ्यापर्यंतचा चामड्याचा कोट दिला होता. तो घालून उन्हात घामेघूम फिरायचा. गावातून त्यांना अंडी द्यायचा, तेल द्यायचा आणि नावंही द्यायचा. एकाच टोपलीतून, एकाच हसऱ्या तोंडानं. कोण लपलंय, कुणाकडे फ्रेंच बंदूक आहे, सगळं. एका शनिवारी तो तेल न्यायला आला तर घाणा बंद.

तिजानी म्हणाला, "उंटीण लंगडतेय."

पुढच्या शनिवारी पुन्हा आला. मी उभी, चारही पायांवर, रवंथ करत. मला काय ठाऊक, लंगडायचं असतं म्हणून?

"सी तिजानी," लझहर गोड हसून म्हणाला, "हिचा पाय फक्त शनिवारी दुखतो का? मी वाढवलीय हिला. माझ्याकडे तर कधी दुखला नाही."

तिजानी पांढराफटक. तेवढ्यात मन्नूबिया बाहेर आली. "पाय कुणाचा दुखतोय? नवस आहे माझा. उस्मान कैदेतून सुटावा म्हणून शनिवारी जनावर जुंपायचं नाही, असं सीदी मर्झूगला बोललेय."

"असा नवस कधी ऐकला नाही, मावशी."

"तुझ्या आईनंही पोरासाठी नवस केला होता, आणि बघ काय पदरात पडलं. सगळेच नवस ऐकून करायचे नसतात."

लझहर हसला. गेला. पण जाताना मुक्याकडे बघत गेला. तो असा हसत गेला की पुढं काय येतं, ते माझ्या मानेला ठाऊक होतं.

मन्नूबियानं मला पाणी पाजायच्या निमित्तानं विहिरीवर नेलं. सीदी मर्झूग म्हणजे गावचा जुना संत, टेकडीवर त्याची कबर. साऱ्या आयुष्यात तो कधी मन्नूबियाच्या स्वप्नात आला नव्हता. त्या दिवशी मात्र भर उन्हात, विहिरीकडे चालता चालता आला.

"बायांनो, ऐका गं! सीदी मर्झूगनं मला दर्शन दिलं. म्हणाला, शनिवारी मुक्या जनावराला विसावा द्या, तुमची माणसं फौजेतून परत आणतो!"

विहिरीवरच्या जवळजवळ प्रत्येकीचं कुणी ना कुणी गेलेलं. हात थांबले.

"जनावर उभं ठेवलं तर पाणी कोण ओढणार गं मावशी?" एक जण म्हणाली.

"तुझा नवरा. त्याला दुसरं काय काम आहे?"

बाया हसल्या. मग एका चौकस म्हातारीनं नको तेच विचारलं, "शनिवारच का पण? चांगला शुक्रवार असताना?"

मन्नूबियानं माझ्यापुढची बादली उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात हल्लूमा घागर उचलता उचलता बोलली. "शुक्रवार पुरुषांचा. मशिदीत जातात, मग चहा पीत बसतात. संताला त्यांचंच ऐकण्यात दिवस जातो. बायकांचं ऐकायला त्याला शनिवारीच सवड होते."

खळखळून हसल्या सगळ्या. हल्लूमा म्हणाली, "मीपण धरला हा नवस. आमचं खेचर शनिवारी उभं."

"तुझा कोण गेलाय गं फौजेत?"

"माझा नवरा रोज जातो की."

त्या हसण्यात कितीजणींना खरं ठाऊक होतं, मी सांगते. अर्ध्याअधिक जणींना नव्हतं. एकीनं केलं म्हणून दुसरीनं केलं. मेंढ्या. पण हल्लूमाला पक्कं ठाऊक होतं. जाताना मन्नूबियानं तिचा हात धरला, "मुली, तुझ्या घरात कोण राहतो, कळतंय ना?" हल्लूमा म्हणाली, "मावशी, खेचर एक दिवस उभं राहील. त्यात काय एवढं?"

पुढच्या शनिवारी लझहर जर्मन हवालदाराला आणि दोन शिपायांना घेऊन आला. हवालदाराच्या नाकाची उन्हानं सालं निघालेली. तो आणि लझहर एकमेकांशी मोडक्या फ्रेंचमध्ये बोलत होते. दोन लंगडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालल्यासारखे.

"बघा साहेब! शनिवार, आणि घाणा बंद. शनिवार कोण पाळतं? हा मुका यहुदी आहे, माझा शब्द."

मसऊदा आत पडद्यामागं. हुआतू भिंतीला टेकून. तिजानी पोत्यांआड. हवालदारानं मला अंगणातून घाण्यात उतरवायला लावलं आणि छडी माझ्याकडे केली. "जुंप हिला."

हुआतू उठला. या वेळी जीव खरंच जात होता, एकट्याचा नाही, साऱ्या घराचा. जू घेऊन माझ्याजवळ आला. चेहरा राखेसारखा. जू अडकवायला घेतलं. मीही मान खाली केली. आयुष्यात इतक्या मुकाट्यानं मी कधी मान दिली नव्हती.

आणि मन्नूबिया पायऱ्या उतरून आली आणि दगडी थाळ्याभोवतीच्या माझ्या वाटेवर आडवी पडली. सरळ, उताणी.

"न्या माझ्यावरून! नवस मोडायचा तर आधी मला मोडा! माझा पोरगा तुमच्याच कैदेत आहे, तुमच्याकडूनच परत पाहिजे मला! आणि माझ्या एकटीचा नवस नाही हा, साऱ्या गावाचा आहे. जा, बघून या!"

"काय म्हणते ही?" हवालदार म्हणाला.

लझहरनं सांगितलं. आणि तिथंच त्याची हुशारी त्याला भोवली. "खोटं बोलते, साहेब! साऱ्या गावाचा कसला नवस? चला, मी दाखवतो!" स्वतःहून म्हणाला, कुणी सांगितलं नव्हतं. हवालदारानं मुक्याला पुढं घातलं, त्याच्या हातात माझी दोरी, मागून बंदुका. अशी आमची वरात निघाली.

दुसऱ्या घाण्यावर गेलो. घाणा बंद, गाढव मातीत लोळत होतं. विहिरीवर गेलो. बैल सावलीत बसलेला आणि विहिरीवाला स्वतः दोर ओढत बायकोला शिव्या घालत होता. कुंभाराचं गाढव मोकळं. मळ्यातले नांगर आडवे पडलेले. लझहरच्या कोटातून घाम ठिबकत होता. शिपायांना वारा आणि वाळू झोंबत होती. हवालदार छडी आपल्या मांडीवर आपटू लागला.

"माझ्या घरी चला!" लझहर ओरडला. "माझं खेचर कामावर असेल. ते बघा, म्हणजे कळेल यांचं खोटं!"

लझहरचं अंगण. खेचर सावलीत उभं, पाठ उघडी, पुढ्यात सातू. आणि फाटकातून हल्लूमा येत होती, लाकडांचा भारा स्वतःच्या पाठीवर घेऊन. खेचरावर येणारा भारा.

हवालदार आधी हसला. मग हसायचा थांबला. "तर तूही यहुदी?" असं म्हणून त्यानं लझहरच्या थोबाडीत दिली. चामड्याच्या हातमोज्याची. मग शिपायांना म्हणाला, खेचर सोडा, न्या. एका अडाणी गावाच्या अडाणी बायकांपायी आपल्याला उन्हात फिरवल्याबद्दल. आणि निघून गेले. मुक्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हुआतू माझ्या पुढच्या पायाला धरून खाली बसला. तिथंच, रस्त्यात. मला वाटतं, तेवढा वेळ तो खरोखरच मुका होता.

आमच्यामागं लझहरचं फाटक लागलं. मग आतून आवाज यायला लागले. मला ओळखीचे होते ते आवाज. या वेळी त्याला एकाकी वाट लागली नाही, फाटक पुरलं. सारं गाव ऐकत होतं. नवस धरणाऱ्या बाया ऐकत होत्या, त्यांचे मिशीवाले नवरे ऐकत होते. आपापली दारं लावून ऐकत होते. थूः!

एक माणूस तेवढा गेला. तिजानी. फाटकावर थाप मारली, थाप कसली, त्याचा हात थरथरतच होता. "लझहर, पुरे."

"तू कोण मला सांगणारा?"

"कुणी नाही. पुरे."

आणि तिथंच उभा राहिला, आवाज थांबेपर्यंत.

वसंतात इंग्रज आले, जर्मन पळाले. हुआतूला वाचा फुटली. घाण्याच्या पायरीवर बसून तो जो बोलत सुटला, की मन्नूबियानं कानात कापूस घातला. मग तो आणि मसऊदा शहरात परत गेले. त्यांना एक मुलगी झाली, कम्मूना. काही वर्षांनी ती सगळी बोटीनं फ्रान्सला गेली. निरोप घ्यायला हुआतू आला, तिजानीशी बोलायचं म्हणून आला आणि दोघंही नुसते भाकरी तेलात बुडवून खात बसले. जाताना माझ्याजवळ येऊन जीभ टाळूला लावून एकदाच टॉक् केलं. मी जागची हलले नाही. शनिवार नव्हता, तरी नाही.

उस्मान परत आला नाही. मन्नूबियाच्या मनानं घेतलं की आपण संताच्या नावावर खोटं बोललो, म्हणून नाही आला. मग ती तो नवस खरोखरीचा पाळू लागली. गावातल्या बाकी सगळ्यांनी जर्मन गेल्याबरोबर शनिवार सोडला. ती मरेपर्यंत मला शनिवारी जुंपू देत नव्हती. आणि शेवटच्या आजारातसुद्धा विचारायची, "आज कोणता वार?"

आणि आमचं गाव! वर्षं गेली तसं गाव शूर होत गेलं. कॉफीच्या टपरीत प्रत्येक जण म्हणू लागला, मला ठाऊक होतं, मीच वाचवलं. ज्यांना तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, ते तर सगळ्यात मोठ्यानं. आणि सगळ्यांच्या मधोमध कोण? लझहर. "त्या हवालदाराला मी मुद्दाम माझ्या दारात आणला! खेचर मीच उभं करून ठेवलं होतं! थोबाडीत खाल्ली, पण तोंड उघडलं नाही!" कोट कुठं गेला होता, देव जाणे. लोक त्याला जागा करून द्यायचे, कॉफी पाजायचे. त्याचं ऐकत राहणं हे त्याला खोटं ठरवण्यापेक्षा सोपं होतं. माणसांना सोपं फार आवडतं.

गेल्या थंडीत कम्मूना आली. फ्रान्सहून, मोठी होऊन. म्हणाली, आई-वडील गेले, त्यांना वाचवणाऱ्यांच्या पाया पडायला आलेय. तिजानीच्या अंगणात सारं गाव जमलं. लझहर पुढं, पांढरी टोपी घालून. तिजानी म्हातारा, कोपऱ्यात, बोलायचं म्हणून उठला आणि लझहर बोलायला लागल्यावर खाली बसला. हयात सरली, याची भीती काही सरली नाही.

लझहरचं सगळं सांगून झालं. कम्मूनानं शांतपणानं ऐकलं. मग विचारलं, "आई एका बाईचं नाव घ्यायची. हल्लूमा. त्या कुठं आहेत?"

"माझीच बायको ती!" लझहर म्हणाला. "मीच सांगितलं होतं तिला खेचर सोडायला. विचारा हवं तर. हल्लूमा! ये इकडं!"

हल्लूमा माझ्याजवळ उभी होती. मला निवडुंगाची पानं आणली होती, काटे जाळून. हळूहळू पुढं गेली. कम्मूनानं तिचे दोन्ही हात धरले.

"मावशी, यांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

तिनं नुसतं "हो" म्हणावं, एवढीच सगळ्यांची इच्छा. मग जेवणं होतील, मेंढा शिजत होता.

हल्लूमा म्हणाली, "सांगितलं असेल बाई. पण त्या शनिवारपासून या उजव्या कानानं मला ऐकू येत नाही. म्हणून त्यांनी काय काय सांगितलं, ते मला विचारू नका."

लझहर टोपी सारखी करू लागला. मग तोच तिजानी कोपऱ्यातून उठला आणि लझहरसाठी मांडलेली मानाची बैठक उचलून हल्लूमाच्या पायाशी आणून टाकली.

आता मी थकलेय. घाण्याला इंजिन लागलंय, ते माझ्यापेक्षा जास्त ओरडतं आणि कमी समजतं. गुडघे झिजलेत, दात पडलेत. खाटकाची नजर माझ्यावर आहे, हे मला कळतं. तिजानी अजून नाही म्हणतो, पण तिजानी किती दिवस?

तुम्ही कधी बीर तय्येबला आलात, तर टपरीवर थांबू नका. तिथं तुम्हाला चिक्कार शूर माणसं भेटतील. सरळ पुढं या. निवडुंगाच्या कुंपणाशी एक म्हातारी बसलेली असते. तिला हार नको, भाषण नको. तिच्या डाव्या बाजूला बसा आणि जरा मोठ्यानं बोला.